वारसा-संरक्षणाची विद्या आणि तिचे शिक्षण

अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांचे पापुद्रे सुटू लागले आहेत आणि वेळीच काही तजवीज केली नाही तर भिंती उघड्या पडतील, हे ध्यानात आल्यावर निजाम सरकारने 1920 साली इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना पाचारण केले. ज्या देशात भित्तिचित्रांची परंपरा शतकानुशतके अखंड चालत आली होती आणि जेथील कारागीर जुन्या चर्चांच्या भिंतींवरील चित्रे जतन करण्याच्या कामी निष्णात समजले जात, त्या देशातून माणसे आणविण्यात सरकारची काही कसूर झाली असे म्हणता येणार नाही. त्या तज्ज्ञांनीही मनापासून काम केले. भिंतीपासून सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटविला, तुटलेल्या कडा बांधून काढल्या, आणि रंग झडू नये म्हणून त्यावर लाखेचा पातळ थर दिला. गिलाव्याच्या कामामुळे पुष्कळ चित्रे वाचली. लाखेचा थर मात्र काळाच्या ओघात पिवळा पडला, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि त्याखालचे निळे व हिरवे रंग अशा एका तपकिरी पडद्याआड गेले की पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना तो थर तसूतसूने उतरविण्यात दशकेच्या दशके घालवावी लागली. त्यांच्याही पूर्वी, 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते, आणि रंग उजळून दिसावेत म्हणून त्या वेळी चित्रांवर जे वॉर्निश चढले, त्याचीही तीच गत झाली.

या हकीकतीत कोणाचाही हेतू वाईट नव्हता, हस्तकौशल्य तर उणे नव्हतेच. उणीव होती ती पदार्थज्ञानाची. इटलीतील पुष्कळशी भित्तिचित्रे ओल्या चुन्यावर काढलेली असतात. चुना वाळताना हवेतील वायूशी संयोग पावून दगडासारखा होतो आणि रंगाचे कण आपल्या पोटात पक्के धरून ठेवतो. अजिंठ्याची रीत निराळी. तेथे खडबडीत कातळावर माती, भुसा, वनस्पतींचे तंतू व वाळू यांचा लेप, त्यावर पांढरा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग अशी रचना आहे. पिवळी व तांबडी माती, काजळी, दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती, आणि दूर बदख्शानच्या खाणींतून व्यापारी तांड्यांबरोबर आलेला निळा राजावर्त, हे सारे अशा एका नाजूक बंधकावर विसंबून आहे, ज्याला ओलावाही मानवत नाही आणि अतिरेकी कोरडेपणाही मानवत नाही. एका भिंतीवर यशस्वी ठरलेला उपाय दुसऱ्या भिंतीवर अपायकारक ठरू शकतो, ही गोष्ट आज आपल्याला उघड वाटते. पण ती उघड होण्यासाठी एक संपूर्ण विद्याशाखा जन्मास यावी लागली, आणि त्या विद्येचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठांतून सुरू व्हावे लागले.

तसे पाहिले तर ही विद्या फार जुनी नाही. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी 1888 साली फ्रीड्रिख राटगेन या रसायनज्ञाची नेमणूक करून स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली, तेथून तिचा इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने आपल्या अमूल्य वस्तू बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत ठेवल्या. युद्ध संपून त्या बाहेर काढल्या तेव्हा लोखंड गंजलेले, ब्राँझवर हिरवी भुकटी उमटलेली आणि दगडांवर क्षार फुललेले आढळले. शत्रूने जे केले नाही ते दमट हवेने केले होते. अलेक्झांडर स्कॉट या शास्त्रज्ञाकडे चौकशी सोपविण्यात आली आणि तीतून 1920 च्या सुमारास तेथील प्रयोगशाळा जन्मली. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याने 1917 सालीच पुरातत्त्वीय रसायनज्ञाचे पद निर्माण करून त्यावर मोहम्मद सनाउल्ला यांना नेमले होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये सुरू झालेली त्यांची प्रयोगशाळा पुढे देहरादूनला गेली. म्हणजे या बाबतीत भारत कोणाच्या फार मागे होता असे नाही, ही नोंद अभिमानाने करण्याजोगी आहे. 1956 साली युनेस्कोची महासभा नवी दिल्लीत भरली असता सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापण्याचा ठराव तेथेच मंजूर झाला, आणि त्यानुसार रोम येथे 1959 साली ते केंद्र सुरू झाले. ब्रिटिश म्युझियमचे हॅरल्ड प्लेंडर्लीथ हे त्याचे पहिले संचालक. त्यानंतरच्या वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी करून मिळणारे हे ज्ञान अमेरिकेत प्रथमच विद्यापीठाच्या पदवीचा विषय झाले.

परंतु या शिक्षणाला जे खरे वळण लागले ते एका महापुराने. 4 नोव्हेंबर 1966 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी पात्र सोडून घुसली आणि काही भागांत पाणी सहा मीटरांहून वर चढले. घराघरांतील हिवाळ्यासाठी साठविलेले जळाऊ तेल त्या पाण्यात मिसळले, आणि गाळ, तेल व मैला यांचा तो राडा राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरांत शिरून लक्षावधी ग्रंथ त्याखाली गेले. तेथील सांता क्रोचे चर्चच्या, चिमाबूए या तेराव्या शतकातील चित्रकाराच्या भव्य क्रूसाचा निम्म्याहून अधिक रंग पाण्यात वाहून गेला. देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक धावून आले आणि चिखलातून हातोहात ग्रंथ वर काढू लागले. ओले ग्रंथ वाळविण्यासाठी पानांत लाकडाचा भुसा घातला गेला, ते तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांत नेले गेले, आणि त्या घाईत भुसा पानांना चिकटला, चर्मपत्रे आकसली, बांधण्या वाकल्या. संकट एवढे मोठे होते की कोणालाही दोष देता येत नाही. मात्र त्यामुळे हे स्पष्ट झाले की उत्साह आणि कळकळ यांच्या बळावर अशी कामे होत नाहीत. आपत्तीत आधी काय करावे आणि काय करू नये, हे ज्यांनी पूर्वीच शांतपणे शिकून ठेवले आहे अशी माणसे हाताशी लागतात.

त्या पुरातून निघालेले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. ग्रंथांच्या दुरुस्तीसाठी इंग्लंडहून पीटर वॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या बांधणीकारांत ख्रिस्तोफर क्लार्कसन होते. पाठीला सरस लावून घट्ट केलेले भारदस्त ग्रंथ भिजून मोडले असता, सोळाव्या-सतराव्या शतकांतील काही साधे ग्रंथ, ज्यांची पाने केवळ शिवलेली होती आणि ज्यांना चर्मपत्राचे सैल, सरस न लावलेले वेष्टन होते, ते पुष्कळच सुस्थितीत राहिले आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. पाणी आले तेव्हा त्यांतील प्रत्येक घटकाला फुगायला व आकसायला जागा होती. क्लार्कसन यांनी या बांधणीचा कसून अभ्यास करून 1982 साली त्यावर पुस्तिका लिहिली, आणि कोणत्याही सजावटीवाचूनची ती जुनी रीत जगभरच्या संरक्षण-कार्यशाळांत नव्याने शिकविली जाऊ लागली. वस्तू कशी बनली आहे हे नीट पाहणाऱ्यास ती वस्तूच टिकण्याचा मार्ग दाखविते, याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल?

चिमाबूएच्या क्रूसाचे काय करावे, हा प्रश्न निराळ्या जातीचा होता. गेलेल्या भागात नवा चेहरा रंगविणे म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराच्या नावावर आपला मजकूर खपविणे. आणि रिकामी लाकडी फळी तशीच ठेवली तर डोळा चित्राकडे न जाता जखमेकडेच जातो. रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांच्या प्रेरणेने तेथे एक पद्धत रूढ झाली होती, तीत गळालेल्या जागी बारीक उभ्या रेषांनी रंग भरतात, जेणेकरून दुरून चित्र एकसंध दिसावे आणि जवळ जाताच दुरुस्ती ओळखू यावी. एवढा मोठा भाग नाहीसा झालेल्या त्या क्रूसासाठी फ्लॉरेन्सच्या संरक्षकांनी त्याहीपुढे जाऊन उरलेल्या रंगांच्या छटांचे एक अमूर्त जाळे रिकाम्या जागांत विणले. ते सर्वांना पटले असे नाही. पण दुरुस्ती सुंदर असावी एवढेच पुरेसे नसून ती प्रामाणिक असावी आणि पुढील पिढीला ती उतरविता यावी, हा दंडक त्यामागे होता. आज या विषयाचा विद्यार्थी कोणत्याही देशात शिको, पहिल्याच सत्रात त्याची या दंडकाशी गाठ पडते.

आता या शिक्षणाच्या अंतरंगाकडे वळू. भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात 1989 साली स्थापन झालेल्या संस्थेने अभिमत विद्यापीठाच्या दर्जाने कलेतिहास, संग्रहालयशास्त्र आणि संरक्षण अशा तीन विभागांतून पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. लखनौ येथे 1976 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संरक्षण-संशोधन प्रयोगशाळाही या क्षेत्रातील प्रशिक्षण देत आली आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही सुसज्ज संरक्षण केंद्र आहे. या विषयाच्या विद्यार्थ्याकडून प्रारंभीच एक विलक्षण अपेक्षा असते. त्याला रसायनशास्त्र यावे, त्यातही सेंद्रिय रसायन; कलेचा व इतिहासाचा अभ्यास असावा; आणि हात इतका स्थिर असावा की भिंगाखाली कापसाच्या बोळ्याने तसूभर जागेतील काजळी पुसताना खालचा रंग हलू नये. आपली शिक्षणपद्धती मुलांना शाळेतच विज्ञान आणि कला अशा दोन दालनांत वाटून टाकते, त्यामुळे हे तिन्ही गुण एका माणसात दुर्मिळ होतात. माझ्या मते या विद्येच्या प्रसारातील मोठा अडथळा पैशाचा नसून हाच आहे.

पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थ्याच्या हाती कोणतीही मौल्यवान वस्तू दिली जात नाही, आणि हे योग्यच आहे. त्याला पाहायला शिकवितात. चित्रावर एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला की सुटलेले पापुद्रे सावल्यांनी उघडे पडतात. अतिनील किरणांत लाखेचा थर नारिंगी चकाकतो आणि नंतरची रंगदुरुस्ती काळ्या डागांसारखी दिसते. अवरक्त किरण रंगाखालचे काजळीचे आरेखन दाखवितात. क्ष-किरणांच्या साहाय्याने हिरव्या रंगात तांबे आहे की लोह, हे वस्तूचा कणही न काढता कळते. हे सर्व पाहून विद्यार्थ्याने त्या वस्तूचे स्थितिपत्रक लिहायचे असते. कोणती भेग कोठे, किती लांब, पूर्वी कोणी काय लावले, आता आपण काय लावणार आणि का, याचा तपशील त्यात हवा. जुन्या दप्तरखान्यातील कारकुनाने एकेका कागदाची नोंद ठेवावी त्या काटेकोरपणाने ठेवलेले हे पत्रक उपचाराइतकेच महत्त्वाचे मानले जाते. कारण अजिंठ्याच्या रसायनज्ञांना जर प्रत्येक जुन्या थराची पूर्ण नोंद मिळती, तर त्यांचे कितीतरी श्रम वाचते.

पदार्थानुसार अभ्यास पुढे फुटत जातो. धातूंच्या विभागात ब्राँझचा रोग शिकावा लागतो. जमिनीतील क्षार धातूत मुरून राहिलेले असतात; हवेतील ओलावा मिळताच ते तांब्याशी अशी प्रक्रिया सुरू करतात की फिकट हिरवी भुकटी होत होत मूर्तीचे अंग पोखरले जाते, आणि ही भुकटी केवळ घासून काढल्याने रोग जात नाही. कागदाच्या विभागाकडे मात्र मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद आणि भांडारकर संस्थेतील हस्तलिखिते ही आपली सामायिक ठेव आहे. जुन्नर व दौलताबादेजवळील कागजीपुरा येथील हातकागद चिंध्या-तागाच्या लांब तंतूंचा असल्याने मोठा चिवट. आणि त्यावरील शाई काजळी व डिंकाची, म्हणजे शुद्ध कार्बनची, जिचा रंग उजेडाने उडत नाही व जी कागदाला अपायही करीत नाही. युरोपीय धाटणीची शाई हिराकस आणि मायफळ यांची. ती कागदात खोल मुरते, पण तिच्यात उत्पन्न होणारे गंधकाम्ल व मोकळे लोह कालांतराने अक्षरांच्याच आकारात कागद जाळून टाकतात. म्हणून एकाच फडताळात शेजारी ठेवलेल्या दोन कागदांवर दोन निराळे इलाज करावे लागतात. हिराकसाच्या शाईतील आम्ल काढण्यासाठी योजलेले पाणी काजळीच्या शाईवर अविचाराने घातले तर डिंक विरघळून मजकूरच फिसकटायचा. त्यानंतरच्या काळातील, लाकडाच्या लगद्याचा व तुरटी-राळेची खळ दिलेला यंत्रकागद तर स्वतःच आम्लधर्मी. शंभर वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे हातात चुरतात आणि तीनशे वर्षांपूर्वीची सनद खुशाल उलगडता येते, त्याचे कारण हे आहे.

येथेही अजिंठ्याची पुनरावृत्ती घडून गेली आहे. जीर्ण कागदाच्या दोन्ही बाजूंस सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पटल व झिरझिरीत कागद ठेवून ॲसिटोनच्या बोळ्याने ते चिकटविण्याची, यंत्रावाचून साधणारी पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली, आणि गरीब देशांतील अभिलेखागारांना ती वरदानच वाटली. तिने असंख्य दस्तऐवज त्या काळी हातात धरण्याजोगे केले. परंतु ते पटल स्वतःच कालांतराने विघटित होऊन आंबूस वासाचे आम्ल सोडते, आणि कागदात मुरलेले हे आवरण पूर्णपणे सोडविणे महाकठीण असते. आजचा विद्यार्थी म्हणून गव्हाच्या निवळ खळीकडे आणि लांब तंतूंच्या पातळ हातकागदाकडे परतला आहे. ही खळ केव्हाही पाण्याने सुटते, हाच तिचा मोठा गुण.

तथापि, एकेका वस्तूवर उपचार करीत बसल्याने आपल्यासारख्या देशाचा प्रश्न सुटणार नाही, हे मान्य केले पाहिजे. वस्तू ज्या हवेत व उजेडात राहते ती हवा आणि तो उजेड सांभाळणे हा खरा बंदोबस्त. वस्त्रे, कागद व जलरंग यांवर 50 लक्सहून अधिक प्रकाश पडू नये, असा संकेत गॅरी थॉमसन यांच्या 1978 सालच्या ग्रंथामुळे जगभर रुजला. प्रकाशाची हानी तीव्रता आणि काळ यांच्या गुणाकाराने वाढते, तेव्हा दिवा मंद करणे आणि तो कमी वेळ लावणे यांचे फळ सारखेच. आर्द्रतेचे युरोपीय आदर्श मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जसेच्या तसे लावणे चुकीचे होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते हे खरे. पण दिवसा वातानुकूलन यंत्र चालवून रात्री बंद करणे हे त्याहून घातक, कारण लाकूड व हस्तिदंत रोज फुगून आकसतात आणि त्यांना चिरा पडतात. त्यापेक्षा वारा खेळता ठेवणे, कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवणे, आणि हस्तलिखित सुती कापडाच्या बासनात घट्ट बांधणे हे आपल्या वाडवडिलांचे उपाय शास्त्राच्या कसोटीवर चांगले उतरतात. बासनाचे कापड बाहेरच्या ओलाव्याचे चढउतार सौम्य करते; घट्ट बांधल्याने पाने वाकत नाहीत आणि कसरीला शिरायला जागा राहत नाही.

आपल्या देशातील विद्यार्थ्यापुढे आणखी एक प्रश्न असा उभा राहतो, ज्याचे उत्तर युरोपातील संग्रहालयांच्या अनुभवात सापडणे कठीण आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर 2015 साली आणि पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर 2020 साली पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी संवर्धनाचे काम केले. लोकव्यवहारात त्याला वज्रलेप म्हणतात; वराहमिहिराच्या बृहत्संहितेत टेंभुर्णी व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, वेखंड इत्यादींचा काढा करून असा लेप सिद्ध करण्याची कृतीच दिलेली आहे. अशी मूर्ती काचेच्या कपाटात ठेवावयाची वस्तू नव्हे. तिच्यावर पंचामृताचा अभिषेक होतो, तिच्या पायांना लक्षावधी हातांचा व कपाळांचा स्पर्श होतो, आणि तो स्पर्श हेच तिच्या अस्तित्वाचे प्रयोजन आहे. संरक्षकाने येथे पाषाणाची झीज मोजावी, दूध-दही व मधातील आम्लांचा परिणाम पुजारीमंडळींना समजावून सांगावा, आणि निर्णय मात्र त्यांच्या, विश्वस्तांच्या व वारकऱ्यांच्या विचाराने व्हावा. प्रयोगशाळेतील प्रावीण्याइतकेच हे संभाषणाचे प्रावीण्य पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकविले गेले पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

संशोधनाला तर आपल्याकडे अपार वाव आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असून अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि अजिंठ्यास कीटकांचा जो उपद्रव झाला तो वेरूळला न होण्याचे हे एक कारण असावे, असा निष्कर्ष 2016 साली पुरातत्त्व खात्यातील एक रसायनज्ञ आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून मांडला. दोन विद्यांच्या सहकार्याने, शेकडो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेल्या मातीतून हे ज्ञान निघाले. जुन्नरी कागदाला दिलेली खळ कोणत्या धान्याची होती, हस्तलिखितांतील चुका झाकण्यासाठी फासलेल्या हरताळाने त्या पानांचे कसरीपासून कितपत रक्षण केले, कुडाळजवळील पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्यांतील रंग कोणत्या बंधकात कालवले आहेत, जुन्या पैठणीतील जरीच्या चांदीवर चढलेला काळपटपणा रेशमाला इजा न करता कसा उतरवावा, असे प्रश्न प्रबंधासाठी विद्यार्थ्यांची वाट पाहात आहेत. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास लागणारी सामग्री पुणे, मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि कुडाळ येथेच आहे. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठाने आपला रसायनविभाग, आपला इतिहासविभाग आणि जवळचे दप्तर यांना एका अभ्यासक्रमात जोडावे, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांसाठी राज्याच्या संग्रहालयांत व दप्तरखान्यांत संरक्षकाची कायम पदे मंजूर करून घ्यावीत.